स्टेज मोकळं ठेवायचं नाही

वैजनाथ सरांनी स्वतःच्या बायकोच्या शोकसभेचं सूत्रसंचालन स्वतःच केलं होतं. पुण्याकडच्या पाहुण्यांना हे सांगितलं, की मी तिखटमीठ लावून सांगते असं त्यांना वाटतं. आमच्याकडे मात्र त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. राजकन्यावहिनींना जाऊन तेरा दिवस झाले होते. शाळेच्या हॉलात फोटो ठेवला, हार घातला, आणि माईक कुणी धरायचा असा प्रश्न निघाला. आमचे संस्थाचालक अमृतराव म्हणाले, "सर हायेत की." सर उठले. "यानंतर आपल्या शोकभावना व्यक्त करतील..." असं म्हणत त्यांनी एकवीस जणांना हुद्द्यासकट बोलावलं. शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं असतं, ते त्यांनी पाऊण मिनिटात उरकलं.

मी महामाया. लातूरच्या त्याच शाळेत हिंदी शिकवते. स्टाफरूममध्ये गेली बावीस वर्षं सरांच्या शेजारची खुर्ची माझी आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा हक्क मला आहे असं मी समजते. ते इतिहास शिकवतात. पण जिल्ह्यात त्यांना इतिहासासाठी कुणी ओळखत नाही, माईकसाठी ओळखतात.

आमच्याकडचं लग्न ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मुहूर्त साडेबाराचा असतो आणि अक्षता दीडला पडतात. मधल्या वेळात एक माणूस माईकवर उभा राहून आलेल्यांची नावं घेत असतो. अमुक गावचे माजी सरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन यांचं शुभमंडपात आगमन झालेलं आहे, दोन्ही परिवारांकडून त्यांचं हार्दिक स्वागत. डावीकडून मुलीकडच्यांच्या चिठ्ठ्या येतात, उजवीकडून मुलाकडच्यांच्या. ज्याचं नाव घेतलं तो मिशीवरून हात फिरवत पंगतीला बसतो, ज्याचं राहिलं तो रुसतो. एकदा निलंग्याच्या माणिकप्पांची चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं उडाली. माणिकप्पा पाणीसुद्धा न पिता मंडपातून गेले, आणि दोन घरांचं येणं-जाणं बंद झालं. शेवटी सर टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन त्यांच्या दारात गेले आणि चूक माझी म्हणून आले.

तेव्हापासून सरांनी दोन नियम केले. नाव चुकवायचं नाही आणि स्टेज मोकळं ठेवायचं नाही. पहिला मला कळायचा. दुसऱ्यावरून मी त्यांच्याशी पुष्कळ हुज्जत घातली.

"मॅडम, माईक दोन सेकंद जरी गप झाला ना, लोक उठतेत," ते म्हणायचे. "पोरं खुर्च्या वढतेत. एकदा सभा फुटली की फुटली. कायतरी बोलतच ऱ्हायचं."

"काय बोलायचं?"

"काय बी. शब्दसुमनं, चारोळी, वाहनाचा नंबर. पण मोकळं न्हाई ठेवायचं."

असा हा माणूस. घरी मात्र त्यांच्या तोंडून चार वाक्यं निघायची नाहीत. वहिनी म्हणायच्या, यांचा आवाज भाड्यानं दिलाय, घरी ठेवायला उरत नाही. आणि 'नाही' हा शब्द तर सरांच्या तोंडी मी कधी ऐकलाच नाही. फोन यायचा, "गुरुजी, तुमच्याबिगर शोभा न्हाई." सर म्हणायचे, "येतो." फोन ठेवला की कपाळ धरून बसायचे. सलग चार-चार रविवार जायचे. घसा बसायचा, पाय सुजायचे. मी म्हणायची, सोडून द्या. ते म्हणायचे, कुणाला सोडू? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी गत होती. एका घरी हो म्हटलं की त्याच्या भावकीला नाही म्हणता येत नाही, आणि लातूर जिल्ह्यात कुणी कुणाच्या भावकीत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

या सगळ्यात शिल्पा वाढली. सरांची एकुलती एक मुलगी. चौथीत असताना तिनं व्हायोलिन धरलं आणि मग सोडलंच नाही. ती आता पुण्यात असते, तिथल्या एका सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवते. बेचाळीस माणसं एका वेळी वाजवतात, समोर एक संचालक हातात काडी घेऊन उभा. सरांनी तिला सगळं दिलं, व्हायोलिन दिलं, पुणं दिलं. एक गोष्ट दिली नाही. त्यांनी तिला वाजवताना कधी ऐकलं नव्हतं.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ते असंच होतं. शाळेच्या गॅदरिंगला ती स्टेजवर असायची तेव्हा सर विंगेत पुढच्या बक्षिसांची नावं लावत असायचे. जिल्हा स्पर्धेत ती पहिली आली तेव्हा ते परीक्षकांच्या सत्काराच्या शाली मोजत होते. पुण्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या दिवशी इथं कुणाचा ना कुणाचा मुहूर्त. घरी रियाज करायची तेव्हा सर लग्नात असायचे. एकदा तिनं मला विचारलं होतं, "मावशी, बाबांना माझं वाजवणं आवडत नाही का हो?" मी म्हटलं, "अगं, त्यांना माहीतच नाही ते कसं आहे." हे बोलून मी काही तिची समजूत काढली नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मागच्या डिसेंबरात हा ऑर्केस्ट्रा लातूरला यायचं ठरलं. त्यांचा संचालक आनंदराज हा नांदेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, त्यामुळे त्याला मराठवाड्याची ओढ. कार्यक्रमाच्या दोन महिने आधी तो एकटाच येऊन आमच्या स्टाफरूममध्ये बसला. त्याचं दुखणं साधं होतं. "पुण्यात तेच दोनशे लोक येतात. दर वर्षी त्यातले चार कमी होतात. आम्ही वाजवतो कुणासाठी, हेच कळेना झालंय. इथले लोक येतील का, सर? आले तर बसतील का?"

सरांनी खुर्ची पुढं ओढली. हा त्यांचा प्रांत होता. "येतील. लोक नावाला येतेत, साहेब. तुम्ही नावं घ्या. ज्याचं नाव घेतलं तो शेवटपर्यंत बसतो, अन् घरच्या धा माणसाला घेऊन बसतो."

आनंदराज हसला नाही. तो म्हणाला, "नावं घेऊन आलेला माणूस नाव ऐकून जाईल, सर. आम्हाला त्यांचं काहीतरी वाजवायचंय."

सरांना हे पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. ते पाहुण्याशी वाद घालत नाहीत.

मग आनंदराजनं आपली माणसं चार-चार, पाच-पाच अशी गावोगाव पाठवली. कुणी किल्लारीच्या शाळेत गेलं, कुणी भोकरच्या आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या मधे उभं राहून बासरी वाजवून आलं. पोस्टरवर ऑर्केस्ट्रा वाचून लोक विचारायचे, "गाणारी कोण हाय?" कुणी नाही म्हटल्यावर अर्धे निघून जायचे, पण अर्धे थांबायचे. शिल्पा रेणापूरला गेली, तिच्या बाबांच्या चुलतीकडे, रुक्मिणबाईंकडे. मी सोबत होते.

रुक्मिणबाई सत्तरी ओलांडलेल्या. शेत अजून स्वतः बघतात. पूर्वी ज्वारीच्या खुडणीला बायका भलरी म्हणायच्या, ती आता फक्त त्यांनाच येते. आता सगळीकडे सोयाबीन, आणि ते मशीन काढतं. मशीनला कोण गाणं म्हणणार! शिल्पानं फोन पुढं धरला आणि म्हातारीनं बांधावर बसून भलरी म्हटली. मधेच त्या थांबल्या. चांगल्या पाच-सात श्वास थांबल्या. शिल्पाला वाटलं विसरल्या.

"इसरले न्हाई बाई," रुक्मिणबाई म्हणाल्या. "एकेकीनं चार वळी धरायच्या खुडायला, त्याला आम्ही पात म्हणतो. पात धुऱ्याला, बांधाला भिडली की समद्या थांबायच्या. पदरानं तोंड पुसायचं, घोटभर पाणी प्यायचं. नवी पात धरली की सोडलं तिथून उचलायचं. थांबलं न्हाई तर दम कुठून यावा?"

शिल्पानं तो थांबा तसाच ठेवला. आनंदराजनं त्या चालीवर बेचाळीस माणसांसाठी वाजवायचं लिहिलं आणि एकटीनं वाजवायचा भाग शिल्पाला दिला. परतताना जीपमध्ये ती मला म्हणाली, "मावशी, त्या दिवशी बाबा माईकवर नकोत. खुर्चीत हवेत. तुम्ही बघा." ती चेष्टेत बोलत नव्हती. तिनं त्यांनाही फोनवर हेच सांगितलं. सर मला म्हणाले, "तिसऱ्या रांगेत माझी जागा धरा मॅडम. पोरीला शब्द दिलाय." त्यांना शब्द देताना मी पहिल्यांदाच खूश बघितलं.

मग अमृतरावांना खबर लागली.

हॉल संस्थेचा. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आणि मी बाहेर ऐकायलाच उभी होते. "कार्यक्रम आपल्या हॉलात, पुण्याची एवढी माणसं येऊन राहिली, अन् सत्कार न्हाई? अन् माईकवर तुम्ही न्हाई? लोक तोंडात शेण घालतील. धा मिनिटाचं काम हाय, सर." सर काहीतरी पुटपुटले. अमृतराव गोड आवाजात म्हणाले, "तुमचे पेन्शनचे कागद आलेत टेबलावर. बघतो सवडीनं." सरांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. "धा मिनिटं बोलतो अन् खाली येऊन बसतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "पोरीला काय सांगणार?" ते म्हणाले, "धा मिनिटंच तर हायेत." त्यांचं ते म्हणणं त्यांनाही खरं वाटत नव्हतं.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला होता. हॉल भरला. सरांनी जाहिरात केली म्हणून भरला की आनंदराजच्या माणसांनी गावं धुंडाळली म्हणून, यावर मी आजही वाद घालायला तयार आहे. किल्लारीची पोरं आली, भोकरचे दोन भाजीवाले आले, रेणापूरहून रुक्मिणबाई शेजारणींची जीप भरून आल्या आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर जाऊन बसल्या. कुणी उठवायची हिंमत केली नाही. मी तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला.

आमच्याकडे सत्कार म्हणजे फेटा. बेचाळीस वाजवणाऱ्यांना बेचाळीस फेटे बांधायचे, असं अमृतरावांनी ठरवलं होतं आणि बांधणारे दोनच होते. ते बांधून होईपर्यंत स्टेज मोकळं ठेवता येत नाही, म्हणून सर बोलत होते. दीपप्रज्वलन झालं. प्रतिमापूजन झालं. देणगीदारांची नावं झाली, त्यांच्या चिरंजीवांची झाली. फेट्याचा शेमला खांद्यावर पडायचा, आणि व्हायोलिन नेमकं त्याच खांद्यावर ठेवायचं असतं. पोरी शेमला पाठीमागे टाकायच्या, बांधणारा शोभा जाते म्हणून पुन्हा पुढं आणायचा. सहा वाजून पाच मिनिटांनी पहिला सूर निघाला. तोवर आनंदराजनं कार्यक्रमातल्या दोन रचना काढून टाकल्या होत्या, कारण आठ वाजता हॉल रिकामा करायचा होता.

सर खाली आले नाहीत. मी मान उंचावून बघितलं तर ते विंगेत उभे, हातात बिनवायरचा माईक, दुसऱ्या हातात चिठ्ठ्या. अमृतरावांचा माणूस त्यांच्या शेजारी उभा होता. कुणी उशिरा आलं तर नाव कोण घेणार! शिल्पानंही एकदा विंगेत बघितलं, मग तिसऱ्या रांगेतल्या रुमालाकडे बघितलं. त्यानंतर तिनं कुठंच बघितलं नाही.

पहिल्या दोन रचनांना लोक नीट बसले. मधेमधे टाळ्या पडत होत्या, नको तिथं पडत होत्या, पण आनंदराज वळून हसत होता. मग शिल्पा उभी राहिली आणि भलरी सुरू झाली.

मला संगीतातलं कळत नाही. इतकं सांगते की पहिल्या चार सुरांतच पुढच्या सोफ्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रुक्मिणबाई सरळ झाल्या. मागचे एक्केचाळीस जण हळूहळू एकेक करून शिल्पाला येऊन मिळत होते, एकेक बाई येऊन पातीला लागावी तसे. माझ्या मागचा भाजीवाला म्हणाला, "ही तर आपलीच हाय." त्याच्या शेजारच्यानं त्याला गप केलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. शेषेराव आले. जिल्हा परिषदेचे माजी सभापती, सोबत सात-आठ माणसं. अमृतराव खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी विंगेकडे बोट केलं. मला सगळं दिसत होतं. विंगेतल्या त्यांच्या माणसानं सरांच्या हातात चिठ्ठी कोंबली. सरांनी मान हलवली, शिल्पाकडे बोट दाखवलं, थांबा म्हणाले. त्यानं पुन्हा ढोसलं. सर पुन्हा थांबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुणालातरी अडवत होता, आणि मी खाली बसून मनातल्या मनात त्यांना शाबासकी देत होते.

आणि मग पात संपली. वाद्यं थांबली. शिल्पाचा गज तारेवरून उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. हॉल शांत झाला.

सरांचे पाय चालायला लागले. मी शपथेवर सांगते, ते त्यांनी ठरवून केलं नाही. तीस वर्षं त्या पायांना एकच सवय, शांतता पडली की पुढं व्हायचं. ते स्टेजच्या मधोमध आले आणि घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "आपल्या जिल्ह्याचे लाडके नेते, माजी सभापती, आदरणीय शेषेरावजी यांचं सभागृहात शुभागमन झालेलं आहे. जोरदार टाळ्यांच्या गजरात..."

एकही टाळी पडली नाही.

"आरं वैजनाथ!" पहिल्या रांगेतून आवाज आला. रुक्मिणबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना माईक लागत नाही. "गप की रं! पात संपली हाय, गाणं न्हाई संपलं! लेकरू दम खाऊन राहिलंय, अन् तू मधीच काय तोंड घालतूस?"

"बसा की सर," कुणीतरी मागून म्हणालं. मग दुसरं कुणीतरी. "ऐकू द्या की." किल्लारीची पोरं, भाजीवाले, जीपमधल्या बायका. ज्या लोकांना दोन सेकंदांची शांतता सोसत नाही म्हणून सर तीस वर्षं बोलत होते, ते लोक त्यांना गप बसायला सांगत होते. शेषेरावांना परिस्थिती लवकर कळली, तो राजकारणी माणूस. त्यांनी हात जोडले आणि ते मागच्या रांगेत मिळेल त्या खुर्चीवर बसले.

सर तिथंच उभे. एवढासा झाला तो माणूस. विंगेत परत जायला वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांमधून, तारांमधून वाट काढायला हवी होती. खाली उतरायला पायऱ्या दुसऱ्या टोकाला. पुढं जाता येईना, मागं जाता येईना. मुलीकडे बघायची त्यांची छाती नव्हती आणि लोकांकडे बघण्यासारखं तोंड उरलं नव्हतं. मला उठून त्यांना हाताला धरून आणावंसं वाटलं, पण माझेही पाय उठले नाहीत.

आनंदराजनं शिल्पाला हळूच काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. मग तिनं गजानंच सरांना खूण केली, खाली बसा. सर तिच्यापुढं स्टेजच्या फळ्यांवर मांडी घालून बसले, लोकांकडे पाठ करून. तिनं भलरी पहिल्यापासून घेतली.

मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. पांढरा सदरा, घामानं चिकटलेला. ती पाठ आधी ताठ होती, मग वाकली. तो थांबा पुन्हा आला तेव्हा आम्ही नऊशे माणसांनी श्वास धरला, आणि सर्वांचं लक्ष शिल्पाकडे नव्हतं, त्या पाठीकडे होतं. सर हलले नाहीत. त्यांनी माईक मांडीखाली घातला होता. थांबा संपला, शिल्पानं सोडलं तिथून उचललं, आणि रुक्मिणबाई खालून सोफ्यावरून हलक्या आवाजात तिच्यासोबत म्हणायला लागल्या. मी रडले. का लपवू?

आभार मानायला सर उठलेच नाहीत. शेवटी अमृतराव स्वतः माईकवर गेले आणि त्यांनी अर्धी नावं गाळली.

बाहेर पुण्याची बस उभी होती. फेटे काढून सगळे चढत होते. सर शिल्पापाशी गेले. म्हणाले, "बाळा, मला वाटलं संपलं."

"सगळ्यांना वाटतं, बाबा," शिल्पा म्हणाली. "पण बाकीचे गप्प बसतात."

चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती थकून बोलली. मग तीच म्हणाली, "तीन आठवड्यांनी, रविवारी सात वाजता, पुण्यात हेच पुन्हा वाजवणार आहे. याल?"

सरांनी डोळे मिटले. मला माहीत होतं ते काय बघतायत. त्या रविवारी किल्लारीला लग्न होतं, अमृतरावांच्या साडूच्या मुलीचं. "बघतो," ते म्हणाले. आमच्याकडे 'बघतो' म्हणजे काय ते शिल्पालाही ठाऊक आहे. ती बसमध्ये चढली.

बस गेल्यावर मी त्यांच्यावर घसरले. काय वाटेल ते बोलले. शेवटी मी म्हणाले, "किल्लारीला मी जाते. चिठ्ठ्याच वाचायच्या ना? मला वाचता येतं." सर म्हणाले, "अमृतराव..." मी म्हटलं, "माझ्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत. तोवर ते तरी कुठं राहतायत!" तीन आठवडे मी त्यांच्या मागं लागून पुण्याचं तिकीट काढायला लावलं. आदल्या दिवशी त्यांनी बॅग भरली, मी ती डोळ्यांनी बघितली.

रविवारी मी किल्लारीच्या मंडपात उभी राहिले. मुहूर्त अकराचा. बाई माईकवर बघून काही जणांनी भुवया उंचावल्या, मग सवयीनं चिठ्ठ्या द्यायला लागले. डावीकडून हात, उजवीकडून हात. एक नाव वाचावं तोवर तीन येतात. अर्ध्या तासात माझ्या घशाला कोरड पडली, आणि आणखी एक कळलं. थांबताच येत नाही. थांबलं की सगळा मंडप आपल्याकडे बघतो.

आणि पावणेअकराला मला कमानीखाली सर दिसले. हातात तीच बॅग. बसस्टँडपर्यंत गेले होते म्हणे, पुण्याच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि किल्लारीच्या जीपमध्ये बसले. ते गर्दीतून वाट काढत स्टेजवर आले. "मॅडम, द्या इकडं," ते म्हणाले आणि हात पुढं केला. "माणसं नाराज होतील. आपल्याला न्हाई जमायचं ते." आपल्याला म्हणजे त्यांना. मला खरंच त्यांच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली.

मी माईक दिला नाही. मी तो तोंडाशी धरला.

"आत्ताच आपल्या शुभमंडपात," मी म्हणाले, "रेणापूरचे सुपुत्र, तीस वर्षं आपल्या सगळ्यांची नावं घेणारे आदरणीय वैजनाथ सर यांचं आगमन झालेलं आहे. त्यांची कन्या शिल्पा आज संध्याकाळी सात वाजता पुण्यात व्हायोलिन वाजवणार आहे. सर केवळ वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी दोन मिनिटं आलेले असून ते ताबडतोब पुण्याला रवाना होत आहेत. त्यांना सोलापूरपर्यंत सोडण्यासाठी ज्या पाहुण्यांची गाडी रवाना होईल, त्यांचं नाव मी तीनदा घेईन."

मंडप हसला, आणि मग टाळ्या पडल्या. नवरीचे मामा उठून उभे राहिले. "माझी हाय जीप! दयानंद म्हणा, दयानंद! पाटील लावा फुडं!" अमृतराव पुढच्या खुर्चीवर बसले होते. भर मंडपात त्यांना हसण्यावाचून काही करता आलं नाही. दोघांनी सरांना दोन्ही बाजूंनी धरलं, एकानं बॅग घेतली. एवढ्या लोकांसमोर जाहीर झालेली गोष्ट मोडायची सरांची टाप नव्हती, आणि हे त्यांच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

पायरीवर ते एकदा मागं वळले. डोळे भरलेले. "मॅडम, निदान आभार तरी मानू द्या की," असं म्हणत त्यांनी माईकसाठी हात केला.

मी माईक पाठीमागे धरला आणि म्हणाले, "उशीर होतोय. निघा."